लॉगॉन स्क्रिप्टने विंडोज ११ ला गोदाम समजले: ऑपरेटिंग सिस्टिम कशी ओळखावी आणि डिफॉल्ट प्रिंटर कशावरून ठरवावा?

रोडनंबर२२ | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. आमचे कार्यालय ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आहे आणि गोदाम नवी मुंबईत, तुर्भ्याच्या एमआयडीसीत. दोन्ही जागा एकाच डोमेनवर (एकाच मध्यवर्ती लॉगिन-व्यवस्थेवर) आहेत. संगणक सगळे मिळून चौसष्ट. सकाळी कोणीही लॉगिन केले, की एक व्हीबीस्क्रिप्ट (विंडोजच्या जुन्या स्क्रिप्ट भाषेतली आज्ञावली) चालते, प्रिंटर जोडते आणि त्यांतला एक डिफॉल्ट करते. ही स्क्रिप्ट माझ्या आधी या जागेवर असलेल्या गृहस्थांनी लिहिली. ते आता कुठे आहेत हे मला ठाऊक नाही, पण गेल्या आठवड्यात त्यांची आठवण रोज आली.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तरी आमच्याकडे नवे संगणक यायला आणखी बरेच दिवस गेले. अखेर गेल्या सोमवारी लेखा विभागाचे नऊ संगणक विंडोज ११ चे झाले. मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास तिथल्या बाईंनी बँकेला द्यायचे पत्र छापायला दिले. शेजारच्या लेझर प्रिंटरवर काहीच आले नाही, म्हणून त्यांनी ते तीनदा दिले. अकराला तुर्भ्याहून फोन आला, की चार इंची लेबलच्या रोलवर कोणत्या तरी शाखा व्यवस्थापकांचे पत्र तुकड्यातुकड्याने बाहेर पडत आहे, 'महोदय' एका लेबलवर आहे आणि 'उपरोक्त विषयास अनुसरून' दुसऱ्यावर अर्धे कापले गेले आहे, तर हे जपून ठेवायचे की फेकायचे.

स्क्रिप्ट उघडून पाहिली. तीत विन३२_ऑपरेटिंगसिस्टिम या वर्गातले (विंडोज स्वतःविषयी जी माहिती पुरवते तिच्या एका गटातले) 'कॅप्शन', म्हणजे सिस्टिमचे नाव, वाचले जाते. नावात 'विंडोज ७' सापडले तर एक वाट, 'विंडोज १०' सापडले तर दुसरी, आणि दोन्ही नसतील तर तिसरी. ज्या काळी ती लिहिली, त्या काळी सातही नाही आणि दहाही नाही असे एकच यंत्र आमच्याकडे होते: गोदामातला विंडोज ८.१ चा संगणक, लेबल प्रिंटरच्या शेजारचा. म्हणून तिसऱ्या वाटेत सरळ लेबल प्रिंटर डिफॉल्ट करून टाकलेला आहे. 'बाकी सगळे' म्हणजे 'गोदाम' हे समीकरण इतकी वर्षे बिनबोभाट चालले, आणि विंडोज ११ हे नाव त्या 'बाकी सगळे' मध्ये जाऊन बसले.

घाईत मी नाव कॅप्शनऐवजी रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतल्या) 'प्रॉडक्टनेम' मधून घेतले. विंडोज ११ च्या संगणकावर तिथे 'विंडोज १० प्रो' असे उत्तर आले, त्यामुळे स्क्रिप्ट दुसऱ्या वाटेने गेली आणि लेझर डिफॉल्ट झाला. चुकीच्या उत्तराने बरोबर काम झाले, हे पाहून मला बरे वाटण्याऐवजी धास्तीच वाटली. मग आवृत्तीचा आकडा ६.१ पेक्षा मोठा आहे का अशी अट घातली, तर स्क्रिप्ट म्हणते १०.० हा ६.१ पेक्षा लहान आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. ऑपरेटिंग सिस्टिम खात्रीने ओळखायची तर नेमके काय वाचावे? आणि डिफॉल्ट प्रिंटर निवडण्याची जी रीत या स्क्रिप्टमध्ये आहे, तिच्यातच काही खोट आहे का?


नौपाडेकर | सोमवार, रात्री १०.२५

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे, पण आधी पहिल्याचे पाहू. विंडोज २००० च्या काळापासून मी या स्क्रिप्टा लिहीत आलो आणि आता निवृत्त आहे, त्यामुळे या विषयावर थोडे लांबण लागले तर सांभाळून घ्यावे.

नाव हे माणसांसाठी असते. त्यावर अट घालू नये. विंडोज व्हिस्टाच्या कॅप्शनमध्ये व्यापारचिन्हाच्या खुणा यायच्या, विंडोज ७ च्या कॅप्शनच्या शेवटी एक मोकळी जागा असायची, आणि तेवढ्या एका रिकाम्या जागेपायी 'तंतोतंत सारखे आहे का' ही अट फसत असे. रजिस्ट्रीतल्या प्रॉडक्टनेमचा अनुभव तुम्ही घेतलाच आहे. त्याच ठिकाणी 'करंटव्हर्जन' नावाची किंमत (व्हॅल्यू) आहे, ती तर विंडोज १० आणि ११ वरही ६.३ च दाखवते, म्हणजे ८.१ चा आकडा. जुन्या प्रोग्रॅमनी बिथरू नये म्हणून तो तसाच गोठवून ठेवला आहे.

आता आकडे पाहा. २००० म्हणजे ५.०, एक्सपी ५.१, व्हिस्टा ६.०, सात म्हणजे ६.१, आठ ६.२, ८.१ म्हणजे ६.३. इथपर्यंत निदान क्रम आहे. दहाला एकदम १०.० दिला आणि अकरालाही १०.० च ठेवला. त्यामुळे १० आणि ११ यांच्यातला फरक आवृत्तीच्या पहिल्या दोन आकड्यांत नाहीच, तो बिल्ड क्रमांकात (त्या आवृत्तीच्या नेमक्या घडणीच्या क्रमांकात) आहे. विंडोज १० चा पहिला बिल्ड १०२४० होता आणि शेवटच्या २२एच२ आवृत्तीचा १९०४५ आहे. विंडोज ११ ची सुरुवात २२००० पासून होते. २४एच२ चा क्रमांक २६१०० आहे. तेव्हा 'बिल्डनंबर' वाचावा, त्याचे पूर्णांकात रूपांतर करावे आणि २२००० शी तुलना करावी.

रूपांतर करावे, हे मुद्दाम लिहिले. तुमचा १०.० लहान ठरला तो याच कारणाने. विन३२_ऑपरेटिंगसिस्टिममधून आवृत्ती आणि बिल्ड हे दोन्ही आकडे अक्षरमाला म्हणून मिळतात, आणि अक्षरांच्या तुलनेत पहिले अक्षर पाहिले जाते. एक हा सहाच्या आधी येतो, झाला निकाल. बॅच फाइलमध्येही हाच खड्डा आहे: तुलनेच्या दोन्ही बाजू निव्वळ पूर्णांक असतील तरच ती आकड्यांची तुलना करते, मध्ये टिंब आले की अक्षरांची.

आणखी एक सांगून थांबतो. सर्व्हरचेही बिल्ड क्रमांक याच माळेत असतात. सर्व्हर २०२५ आणि विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती, दोघांचाही क्रमांक २६१०० आहे. सर्व्हर २०१९ आणि विंडोज १० ची १८०९ आवृत्ती, दोघेही १७७६३. म्हणून 'प्रॉडक्टटाइप' ही किंमत जोडीने वाचावी: १ म्हणजे नेहमीचा संगणक, २ म्हणजे डोमेन कंट्रोलर, ३ म्हणजे साधा सर्व्हर.


पाचपाखाडी | सोमवार, रात्री ११.०५

काकांचे आकडे बरोबर आहेत, पण मला मुळातला प्रश्नच पटलेला नाही. लेखा विभागातल्या बाईंना लेझर हवा आहे तो त्यांच्या संगणकावर विंडोज ११ आहे म्हणून नव्हे, तर त्या वागळे इस्टेटमध्ये लेझरच्या शेजारी बसतात म्हणून. उद्या त्यांच्या टेबलावर मॅक ठेवला तरी त्यांना तोच लेझर लागेल. प्रिंटर कोणता, हे माणूस कुठे बसतो यावर ठरते. ऑपरेटिंग सिस्टिम फार तर एवढेच सांगू शकते, की तो प्रिंटर जोडायचा आणि डिफॉल्ट करायचा कसा. तुमच्या स्क्रिप्टने 'कसा' च्या उत्तरावरून 'कोणता' हे ठरवले. इतकी वर्षे हे दोन प्रश्न योगायोगाने एकमेकांवर बसत होते, एवढेच.

जागा ओळखायला आयपी पत्ता पुरतो. ठाणे आणि तुर्भे या दोन ठिकाणांचे सबनेट (पत्त्यांचे गट) निराळे असणारच.


रोडनंबर२२ | मंगळवार, सकाळी ८.५०

दोघांचेही आभार. लोकलमध्ये बसून तीनतीनदा वाचले. बिल्डनंबर पूर्णांकात करून पाहिला, १९०४५ आणि २६१०० दोन्ही आपापल्या वाटेने गेले. सबनेटही वेगळे आहेत: ठाण्याचे १९२.१६८.१० आणि तुर्भ्याचे १९२.१६८.१. ते लावून पाहतो.

मात्र एक निराळीच तक्रार काल संध्याकाळी आली. विक्री विभागात विंडोज १० चे जे संगणक अजून आहेत, त्यांच्यावर सकाळी लेझर डिफॉल्ट असतो आणि दुपारनंतर तो नसतो. कोणी हात लावल्याचे कबूल करत नाही. स्क्रिप्ट तर दिवसात एकदाच चालते. हे कशामुळे होत असावे?


मागचागाळा | मंगळवार, सकाळी ११.३०

हे विंडोजच करते. मी वाशीच्या बाजार समितीच्या आवारात काही आडत्यांच्या गाळ्यांवरचे संगणक पाहतो, आणि हा अनुभव मी पहाटे पाच वाजता घेतलेला आहे.

आमच्याकडे गाळ्यावर दोन प्रिंटर असतात. शेतकऱ्याला जी हिशोबपट्टी द्यायची, ती डॉट मॅट्रिक्सवर, तीन प्रतींच्या कार्बनच्या सलग कागदावर निघते. दुसरा छोटा लेझर, किरकोळ पत्रांसाठी. एका पहाटे गाड्या लागलेल्या, मापे पडलेली, पट्ट्या काढायची वेळ, आणि पट्टी निघाली लेझरवर: वजन, भाव, हमाली, तोलाई सगळे एफोर कागदाच्या डाव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि प्रत एकच. कारण काय, तर आदल्या रात्री दिवाणजींनी कोणाच्या तरी आधार कार्डाची प्रत लेझरवर काढली होती.

विंडोज १० च्या नोव्हेंबर २०१५ च्या १५११ या आवृत्तीपासून 'माझा डिफॉल्ट प्रिंटर विंडोजला सांभाळू द्या' अशा अर्थाची सोय आली आहे. ती चालू असली, की शेवटी ज्यावर छापले तोच डिफॉल्ट होतो. तुमच्या विक्री विभागात कोणीतरी दुपारी दुसऱ्या प्रिंटरवर चलन काढत असणार, आणि तिथून पुढे तोच डिफॉल्ट. कोणी काही बदललेले नाही हे त्यांचे म्हणणे खरे आहे.

उपाय असा: वापरकर्त्याच्या रजिस्ट्रीत, म्हणजे एचकेसीयूखाली, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंटव्हर्जन, विंडोज या वाटेवर 'लिगसीडिफॉल्टप्रिंटरमोड' नावाची डीवर्ड (आकडी) किंमत १ करावी. डोमेन असेल तर ग्रुप पॉलिसीत (सगळ्या संगणकांना एकदम नियम लावण्याच्या सोयीत) वापरकर्त्याच्या बाजूला, कंट्रोल पॅनेलच्या प्रिंटर विभागात यासाठी तयार धोरण आहे. आधी ही किंमत, मग डिफॉल्टची निवड, हा क्रम ठेवावा. सोय चालूच राहिली तर सकाळी स्क्रिप्टने ठरवलेला प्रिंटर पहिल्या वेगळ्या छपाईपर्यंतच टिकतो.


नौपाडेकर | मंगळवार, दुपारी १.१५

मागचागाळा यांनी नेमके नाडीवर बोट ठेवले. त्याला जोडून एक गोष्ट. डिफॉल्ट प्रिंटर संगणकाचा नसतो, वापरकर्त्याचा असतो. त्याची नोंदही त्याच एचकेसीयूच्या वाटेवर 'डिव्हाइस' या नावाने असते. म्हणून ही स्क्रिप्ट कोणी विंडोजच्या स्वतःच्या 'सिस्टिम' खात्याच्या नावाने, संगणक सुरू होताना चालवली, तर ती बिनचूक चालते, कुठेही चूक दाखवत नाही, आणि डिफॉल्ट बदलतो तो सिस्टिम खात्याचा, ज्याला आयुष्यात कधी पत्र छापायचे नसते. मी स्वतः यात अख्खा एक दिवस घालवलेला आहे.

आणि पाचपाखाडी यांनी सुचवलेली सबनेटची युक्ती वापरताना सांभाळावे. तुमचे दोन पत्ते पाहिले आणि मला घाम फुटला. '१९२.१६८.१ ने सुरुवात होते का' अशी अट लिहिलीत, तर १९२.१६८.१० ची सुरुवातही त्यानेच होते. अख्खे ठाणे पुन्हा तुर्भ्याला जाईल. शेवटच्या १ च्या पुढचे टिंब अटीत धरावे. शिवाय लॅपटॉपवर पत्ते एकापेक्षा अधिक असतात, व्हीपीएनचा एक, आभासी यंत्रांचा एक. ज्या जोडणीला डिफॉल्ट गेटवे (नेटवर्कबाहेर जाण्याचे दार) आहे तिचाच पत्ता घ्यावा, आणि व्हीपीएननेही गेटवे दिला असेल तर तिला नावाने वगळावे.


प्रयोगशाळाताई | मंगळवार, दुपारी ३.४०

मी कोपरखैरण्याच्या एका महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळा पाहते. आमच्याकडे एकाच खोलीत उबुंटू आहे, सी-डॅकचे डेबियनवर आधारलेले बॉस लिनक्स आहे आणि कार्यालयात विंडोज आहे, त्यामुळे 'ओळखायचे कसे' हा प्रश्न आमच्या वाट्याला जास्त येतो. मूळ प्रश्न विंडोजचा असला, तरी पाचपाखाडी यांनी मॅकचे नाव काढले म्हणून लिहिते.

लिनक्सवर 'युनेम' ही कमांड फक्त कर्नलचे (सिस्टिमच्या गाभ्याचे) नाव सांगते. उबुंटूवरही 'लिनक्स', बॉसवरही 'लिनक्स'. वितरण कोणते, म्हणजे उबुंटू की बॉस, हे पाहायचे तर '/ईटीसी/ओएस-रिलीज' ही फाइल वाचावी. तिच्यातले 'आयडी' आणि 'व्हर्जन_आयडी' हे अटींसाठी आहेत, 'प्रीटी_नेम' हे माणसांना दाखवायला. काकांनी जे कॅप्शनबद्दल सांगितले, तोच न्याय इथे फाइल लिहिणाऱ्यांनी आधीच करून ठेवला आहे. मॅकवर 'युनेम' चे उत्तर 'डार्विन' असे येते, आणि आवृत्ती 'एसडब्ल्यू_व्हर्स' या कमांडने मिळते.

पॉवरशेल ही मायक्रोसॉफ्टची स्क्रिप्ट भाषा तिन्हीकडे चालते म्हणून आमच्या एका विद्यार्थ्याने सगळ्यांसाठी एकच स्क्रिप्ट लिहिली. तीत 'इजविंडोज' हे तयार चल (व्हेरिएबल) वापरले होते: विंडोज नसेल तर लिनक्सची वाट. ती कार्यालयातल्या विंडोजवर चालवली, तर तिथे ती लिनक्सच्या कमांड शोधू लागली! ही चले पॉवरशेल ६ पासून आली आहेत. विंडोजसोबत जे पॉवरशेल ५.१ येते, त्यात ती नाहीतच, आणि नसलेले चल हे 'खोटे' धरले जाते. म्हणजे विंडोजवरच 'हे विंडोज नव्हे' असे उत्तर. रोडनंबर२२ यांच्या 'बाकी सगळे म्हणजे गोदाम' याचेच हे भावंड म्हणायचे.

छपाईचे म्हणाल, तर लिनक्स आणि मॅक दोन्हीकडे कप्स हीच छपाईची व्यवस्था आहे. 'एलपीस्टॅट -डी' ने डिफॉल्ट कळतो. साऱ्या यंत्राचा डिफॉल्ट 'एलपीअॅडमिन -डी' ने ठरतो आणि एकट्या वापरकर्त्याचा 'एलपीऑप्शन्स -डी' ने. वापरकर्त्याचा असेल तर तो वरचढ ठरतो, आणि 'एलपीडेस्ट' किंवा 'प्रिंटर' हे पर्यावरण चल लावलेले असेल तर ते त्याच्याही वर. पण 'एलपीऑप्शन्स' रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवले, की ती निवड साऱ्या वापरकर्त्यांसाठी लिहिली जाते. विद्यार्थ्यांना सवयीने प्रत्येक कमांडच्या आधी 'सुडो' (रूटचे अधिकार देणारी कमांड) लावायची खोड असते. एका मुलाने स्वतःसाठी म्हणून केलेली निवड दुसऱ्या दिवशी पूर्ण खोलीची झाली आणि तिसांच्या तीस जणांचे जर्नल ग्रंथालयातल्या प्रिंटरवर गेले.


पाचपाखाडी | मंगळवार, सायंकाळी ६.२०

ताईंचा अनुभव वाचून माझा आग्रह वाढला आहे. ओळखण्याच्या या सगळ्या खटाटोपाऐवजी सरळ क्षमता तपासावी. एखादी कमांड आहे का, एवढेच विचारावे. असेल तर वापरावी, नसेल तर पुढची. नाव नको, आकडा नको, बिल्ड नको.


नौपाडेकर | मंगळवार, रात्री ९.१०

अर्धे मान्य, अर्धे नाही. 'डब्ल्यूएमआयसी' (विंडोजची माहिती विचारण्याची जुनी कमांड) हे उदाहरण घ्या. मायक्रोसॉफ्टने ते कालबाह्य ठरवले आहे आणि नव्या विंडोज ११ वर ते अनेकदा बसवलेलेच नसते. तिथे 'आहे का' असे विचारणे शहाणपणाचे. व्हीबीस्क्रिप्टही ऑक्टोबर २०२३ मध्ये कालबाह्य जाहीर झाली आहे, पुढे ती विंडोजमधून निघणार आहे, म्हणून रोडनंबर२२ यांनी या निमित्ताने सगळे पॉवरशेलमध्ये आणावे असे मी सुचवीन.

पण कमांड तीच, उत्तरही देते, आणि वागणे मात्र बदललेले, असे असेल तिथे काय कराल? डिफॉल्ट ठरवण्याची कमांड विंडोज ७ वरही होती आणि १० वरही आहे. दोन्हीकडे ती यशस्वी होते. फरक एवढाच, की १० वर दुपारी विंडोज तो बदलून टाकते. हे क्षमता तपासून कळणार नाही, तिथे आकडाच लागतो.


पाचपाखाडी | मंगळवार, रात्री ९.३५

ती रजिस्ट्री किंमत सरसकट सगळीकडे लिहिली तरी विंडोज ७ ला तिचा काही त्रास नाही. मग आकडा कशाला हवा?


नौपाडेकर | मंगळवार, रात्री ९.५०

या एका बाबतीत तुमचे खरे. सरसकट लिहावी.


मागचागाळा | बुधवार, सकाळी ७.४५

अजून दोन अडचणी येतील, त्या आत्ताच सांगून ठेवतो.

पहिली वेळेची. विंडोज ८.१ पासून ग्रुप पॉलिसीतून दिलेली लॉगॉन स्क्रिप्ट लॉगिननंतर लगेच चालत नाही, मुळात पाच मिनिटांनी चालते. साडेनऊला लॉगिन केलेल्या माणसाचा डिफॉल्ट नऊ पस्तीसला बदलतो आणि त्याचे पहिले पत्र नऊ एकतीसला गेलेले असते. 'लॉगॉन स्क्रिप्ट डिले' हे धोरण बंद केले, की ही वाट पाहणे संपते. पण मग वायफायवरच्या लॅपटॉपवर नेटवर्क जोडले जायच्या आधीच स्क्रिप्ट धावते आणि तिला पत्ताच मिळत नाही. तेव्हा स्क्रिप्टनेच पत्ता येईपर्यंत थोडे थांबावे, पण अनंतकाळ नव्हे. आम्ही दोन दोन सेकंदांनी पंधरा वेळा पाहतो आणि मग सोडून देतो.

दुसरी ड्रायव्हरची. जुलै २०२१ मध्ये प्रिंटनाइटमेअर ही विंडोजच्या छपाई सेवेतली सुरक्षेची त्रुटी उघड झाल्यावर मायक्रोसॉफ्टने ऑगस्टमध्ये नियम बदलला, आणि तेव्हापासून नेटवर्कवरच्या प्रिंटरचा ड्रायव्हर (तो चालवणारे सॉफ्टवेअर) बसवायला प्रशासकाचे अधिकार लागतात. स्क्रिप्ट साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालते. संगणकावर तो ड्रायव्हर आधीपासून नसेल, तर प्रिंटर जोडलाच जात नाही आणि डिफॉल्ट करायला काही उरत नाही. तो नियम शिथिल करणारी रजिस्ट्री किंमत बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. माझ्या मते ती वापरू नये. दार कशासाठी बंद केले होते हे विसरून ते उघडण्यासारखे ते आहे. संगणक तयार करतानाच ड्रायव्हर बसवून ठेवावेत.


रोडनंबर२२ | बुधवार, दुपारी १२.१०

ड्रायव्हरचे मी आधीच केले होते, सगळे एकगठ्ठा बसवले होते. त्यामुळेच लेबल प्रिंटर लेखा विभागात इतक्या विनातक्रार जोडला गेला. एक ड्रायव्हर विसरलो असतो तर बँकेचे पत्र वाचले असते.


रोडनंबर२२ | रविवार, सायंकाळी ५.३०

चार दिवस चालवून मगच लिहितो आहे.

स्क्रिप्ट पॉवरशेलमध्ये नव्याने लिहिली. ती आधी विंडोजची आपोआप बदलण्याची सोय बंद करते. मग गेटवे असलेल्या आणि व्हीपीएनच्या नसलेल्या जोडणीचा पत्ता मिळेपर्यंत जास्तीत जास्त तीस सेकंद थांबते. पत्त्याच्या पहिल्या तीन भागांवरून, टिंबासह, जागा ठरवते. ठाण्यात मजल्यावर तीन लेझर आहेत, त्यांच्यातली निवड वापरकर्ता डोमेनच्या कोणत्या गटात आहे यावरून होते. तुर्भ्याला कार्यालयीन लेझर डिफॉल्ट होतो. लेबल प्रिंटर तिथेही डिफॉल्ट नाही: लेबल छापणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्याचे नाव एकदा नोंदवून टाकले, म्हणजे त्या प्रोग्रॅमला डिफॉल्टकडे पाहायचे कारणच उरले नाही. हे खरे तर पहिल्याच दिवशी सुचायला हवे होते.

बिल्ड क्रमांक आणि प्रॉडक्टटाइप अजून वाचतो, पण प्रिंटर निवडायला नव्हे. ते फक्त लॉग फाइलमध्ये लिहिले जातात. आणि जुनी तिसरी वाट, ती 'बाकी सगळे', तिथे आता काहीच केले जात नाही. जागा ओळखता आली नाही तर डिफॉल्टला हात न लावता एक ओळ लिहून स्क्रिप्ट थांबते.

एका ठिकाणी तासभर अडलो, ते इतरांसाठी लिहून ठेवतो. विन३२_प्रिंटर वर्गातून नावाने प्रिंटर शोधताना काहीच सापडत नव्हते, प्रिंटर मात्र डोळ्यांसमोर दिसत होता. सर्व्हरवरच्या क्यूच्या (सामायिक प्रिंटरच्या) नावात बॅकस्लॅश असतात, आणि त्या शोधाच्या अटीत प्रत्येक बॅकस्लॅश दोनदा लिहावा लागतो. नावाच्या सुरुवातीला दोन आहेत, तिथे चार.

ठाणे आणि तुर्भे असे आलटून पालटून बसणारे आमचे एक सहकारी आहेत. गुरुवारी ते सकाळी वागळेला होते, दुपारी लोकलने तुर्भ्याला गेले. लॅपटॉपचे झाकण फक्त मिटले होते, लॉगआउट केले नव्हते, त्यामुळे स्क्रिप्ट तिकडे चाललीच नाही आणि त्यांची चलने ठाण्यात छापली गेली. आता टास्क शेड्युलरमध्ये नेटवर्क जोडले गेल्याच्या घटनेवरही तीच स्क्रिप्ट, त्यांच्याच नावाने, लावली आहे. शुक्रवारी ती चालली.

एकच ओळ लॉगमध्ये अशी आली की जिचे काय करायचे ते सुचत नाही. शनिवारी रात्री, बिल्ड २०३४८, प्रकार (प्रॉडक्टटाइप) ३. मालक घरून रिमोट डेस्कटॉपने हिशोबाच्या सर्व्हरवर येतात, तो हा. सर्व्हर ठाण्यातच असल्यामुळे पत्ता ठाण्याचा मिळाला, आणि त्यांच्या घरचा प्रिंटर बाजूला पडून ताळेबंद कुलूपबंद कार्यालयात छापला गेला.


नौपाडेकर | रविवार, रात्री ८.००

२०३४८ म्हणजे सर्व्हर २०२२. प्रकार १ नसेल तर स्क्रिप्टने डिफॉल्टला हात लावू नये, एवढी एक अट घाला. रिमोट डेस्कटॉप आपण होऊन येणाऱ्याच्या घरचा प्रिंटर त्या सत्रात डिफॉल्ट करतो, फक्त तसे करू नये असे सांगणारे धोरण सर्व्हरवर लावलेले नाही ना, ते पाहा. नावाने शोधायची वेळ आलीच, तर त्या प्रिंटरच्या नावापुढे सत्राचा क्रमांक जोडलेला असतो आणि तो दर वेळी बदलू शकतो, म्हणून नावाची फक्त सुरुवात जुळवा.


रोडनंबर२२ | रविवार, रात्री ८.४०

अट घातली. धोरण लावलेले नव्हते. मालकांना आत्ताच एक पान छापून पाहायला सांगितले, ते पान त्यांच्या घरच्या प्रिंटरवर निघाले.